तिसरा मजला बंद

मसुदेसाहेब त्या कार्यशाळेहून परत आले ते बदलूनच आले. जाताना साधे उपव्यवस्थापक म्हणून गेले होते. येताना डोळ्यांत तेज होतं, हातात फुकट मिळालेली कापडी पिशवी होती, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी बायकोला विचारलं, "तू दुपारी मला जो मेसेज पाठवलास, त्यातून तुला नेमकं काय साध्य करायचं होतं?"

"दूध," बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"'येताना दूध आणा' असं लिहिलं होतं. आणलंत का?"

दूध आणलेलं नव्हतं. पण मेसेज थोडक्यात होता आणि थेट होता, हे मसुदेसाहेबांनी मोठ्या मनाने मान्य केलं आणि चप्पल पायात सरकवून ते पुन्हा खाली गेले.

मसुदेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीत ते प्रशासन बघत. कंपनीतून निघणारी प्रत्येक सूचना, परिपत्रक, इशारा आणि आभार यांचा मसुदा त्यांच्याच हातचा, म्हणून सगळे त्यांना मसुदेसाहेब म्हणत. त्यात थोडी चेष्टा होती, पण 'साहेब' हा शब्दही होता, तेव्हा ते चेष्टेकडे कानाडोळा करत. त्यांची भाषा भरघोस होती. 'पाणी जपून वापरा' एवढं सांगायला त्यांना दीड पान लागे. त्यांची ती सूचना वाचून होईपर्यंत टाकी रिकामी झाली होती, असं विक्रीप्रमुख येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत. शेवटी मालकांनीच त्यांना कंपनीच्या खर्चाने 'स्पष्ट आणि परिणामकारक व्यावसायिक संदेशलेखन' शिकायला धाडलं.

तिथे गालाला माइक चिकटवलेल्या एका तरतरीत माणसाने त्यांना तीन 'थ' दिले. थोडक्यात, थेट आणि थंड डोक्याने. वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत, तो म्हणाला: काय झालंय, का झालंय, आणि आता मी काय करायचं. बाकी सगळा पाचोळा. मसुदेसाहेबांनी हे वहीत टिपून घेतलं. टिपून घेताना आपलं अर्धं आयुष्य पाचोळ्यात गेलं असं त्यांना वाटून गेलं, पण जेवण चांगलं असल्यामुळे ते दुःख टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, ते ऑफिसात पोहोचतात न पोहोचतात तोच मालकांचं बोलावणं आलं. केबिनमध्ये विक्रीप्रमुख होते आणि कंपनीचं कायद्याचं काम बघणाऱ्या वकीलबाई होत्या. मालकांनी स्वतः उठून दार लावलं. टेबलावर एक उपडा काचेचा ग्लास होता आणि त्याखाली काहीतरी तपकिरी रंगाचं, मसुराच्या दाण्याएवढं, फेऱ्या मारत होतं.

"हा काल तिसऱ्या मजल्यावर मीटिंगला बसलो होतो तेव्हा माझ्या बाहीवर आला," मालक म्हणाले. "ओळखता का?"

मसुदेसाहेब वाकले. "हा तर ढे..."

"हळू!" तिघंही एकदम ओरडले.

गाद्या बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य ऑफिसात ढेकूण! इमारतीच्या माथ्यावर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं 'निर्धास्त झोपा', आणि खाली हे. तिसऱ्या मजल्यावरची माणसं गेले काही महिने अंग खाजवत होती हे आता मसुदेसाहेबांच्या लक्षात आलं. पण एसीच्या हवेने कातडी कोरडी पडते अशी तिथल्या सगळ्यांची समजूत होती, आणि हिशेब विभागातल्या मोठ्या बाई ज्याला त्याला मलम लावायचा सल्ला देत असत.

"हा शब्द या खोलीबाहेर गेला," मालक म्हणाले, "तर न खपलेल्या सगळ्या गाद्यांवर मला एकट्याला झोपावं लागेल. फवारणीवाल्याशी बोलणं झालंय. शुक्रवारी सकाळी मजला रिकामा हवा. दोन दिवस औषध, सोमवारी सगळे परत जागेवर. तेवढी एक सूचना काढा. तुम्ही नुकतेच शिकून आलाय."

मसुदेसाहेबांनी जागेवर जाऊन पेन उघडलं आणि आयुष्यातला सर्वोत्तम मसुदा लिहिला. 'औषधफवारणीसाठी तिसरा मजला शुक्रवार-शनिवार बंद राहील. डबे, पिशव्या, स्वेटर घरी न्यावेत. सोमवारी नेहमीप्रमाणे यावे.' काय झालं, का झालं, काय करायचं, सगळं आलं. त्यांनी तो तीनदा वाचला आणि दर वेळी त्यांना स्वतःचा जास्तच अभिमान वाटला. खरं तर त्यांनी तो तेव्हाच धाडून दिला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण कंपनीचा नियम असा होता की कुठलीही सूचना तिघांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडायची नाही.

विक्रीप्रमुखांनी वाचला आणि पहिल्याच शब्दावर काट मारली. "औषध म्हटलं की लोक विचारणार, कशावर औषध? मग बसा सांगत."

"मग कारण काय लिहू?"

"कारण कशाला लिहायचं? आपण कंपनी आहोत की शाळेत उशिरा आलेलं पोर?"

वकीलबाईंनी चष्मा लावून वाचला. त्यांना सोमवार खटकला. "सोमवारी यावे हे वचन झालं. समजा सोमवारी वास राहिला आणि कुणाला घेरी आली, तर ते वचन माझ्या अंगाशी येणार." त्यांनी सोमवार काढून तिथे 'पुढील सूचना मिळेपर्यंत' असं टाकलं. मग त्यांना डबे, पिशव्या आणि स्वेटर खटकले. "उद्या कुणी म्हणेल, छत्री लिहिली नव्हती म्हणून ठेवली." तिथे 'सर्व वैयक्तिक सामान' असं आलं.

शेवटी मालकांनी वाचला. मालक मनाने चांगले होते. त्यांना मसुदा फार कोरडा वाटला. "शेवटी दोन गोड शब्द हवेत हो," ते म्हणाले, आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने घातले.

बुधवारी दुपारी कंपनीच्या ग्रुपवर आणि प्रत्येकाच्या मेलवर जी सूचना गेली ती अशी होती:

'तिसरा मजला शुक्रवारपासून पुढील सूचना मिळेपर्यंत बंद राहील. तेथील कर्मचाऱ्यांनी आपले सर्व वैयक्तिक सामान गुरुवारी संध्याकाळपर्यंत घेऊन जावे. आजवरच्या सहकार्याबद्दल कंपनी आपली आभारी आहे.'

पाठवताना मसुदेसाहेबांना एक शंका आली होती. पण मसुद्याच्या कागदावर तिघांच्या सह्या होत्या, आणि सह्या असल्या की मसुदेसाहेबांची शंका आपोआप फिटत असे.

पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. मग वरच्या मजल्यावरून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मग ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी लिहिलं, 'बातमी वाचून अतिशय वाईट वाटले. आपल्यासोबतचे दिवस कायम स्मरणात राहतील.' त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. पहिल्या मजल्यावरच्या गोदामवाल्यांनी विचारलं, 'तिसऱ्या मजल्यावरचा थंड पाण्याचा कूलर आता आम्हाला मिळेल काय?' खरेदी विभागातले दोघं जण तर टेप घेऊन वर जाऊनही आले. खिडकीजवळची जागा त्यांना बऱ्याच दिवसांपासून हवी होती.

मसुदेसाहेबांनी हे सगळं वाचलं आणि त्यांना वाटलं, लोकांना हल्ली सहानुभूतीचं फार वेड लागलंय. दोन दिवस मजला बंद तर केवढं हे! तरी संदेश परिणामकारक झालाय यात शंका नव्हती. ते शीळ घालत घरी निघाले.

घराचं दार उघडलं तेव्हा दिवाणखान्यात त्यांचे सासरे बसले होते आणि शेजारी मेहुणा मान खाली घालून बसला होता. हा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्यांच्याच कंपनीत तिसऱ्या मजल्यावर ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या कामाला होता. मसुदेसाहेबांनीच त्याला तिथे चिकटवला होता. त्याचं लग्न नुकतंच ठरलं होतं, आणि मुलीच्या वडिलांना त्याच्यात आवडण्यासारखं जे काही आढळलं होतं त्यात पक्की नोकरी सगळ्यात वर होती.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "पोराचं काही चुकलं असेल तर आधी आमच्या कानावर घालायचं होतंत."

"कुणाचं काय चुकलं?"

"भावोजी, तुम्हीच पाठवलंत ना ते?" मेहुण्याने मोबाइल पुढे केला. "खाली तुमचंच नाव आहे. सामान घेऊन जा, आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी. एवढी वर्षं फाटलेल्या गाद्यांच्या नावाने लोकांच्या शिव्या खाल्ल्या मी. आणि तुम्ही निदान घरी तरी सांगायचं!"

तेव्हा कुठे मसुदेसाहेबांच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्या उजेडात त्यांना दरदरून घाम फुटला. खरं कारण तोंडाशी आलं होतं. पण मालकांना शब्द दिला होता, आणि सासऱ्यांना कळलेली गोष्ट संध्याकाळच्या फेरफटक्यात बागेतल्या निदान सहा बाकांपर्यंत पोहोचते हा त्यांचा अनुभव होता.

"अरे, कुणालाही काढलेलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे, ज्यांना घालवायचंय तेवढेच जातील. बाकीचे राहतील."

"ज्यांना म्हणजे कुणाला?" बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही."

"माझ्या भावाला घालवायचंय का?"

"छे! तो त्यातला नाही. ते फार लहान असतात." हे बोलल्यावर आपण अजून खोलात गेलो हे त्यांच्या लक्षात आलं. बायकोने चहा आणला. सासऱ्यांना दिला, भावाला दिला, स्वतः घेतला. ट्रेमध्ये चौथा कप नव्हता.

मोकळ्या हवेसाठी म्हणून मसुदेसाहेब जिन्यात आले, तर तिथे शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर झाडाला पाणी घालत उभे होते. घरातलं बोलणं त्यांनी ऐकलं असावं, कारण झाडाची कुंडी केव्हाच भरून वाहत होती.

"माझं ऐका," ते म्हणाले. "खुलासा काढा. मी बँकेत असताना सूचना निघायच्या आधीच तिचा खुलासा टाइप करून ठेवत असे. सूचनेला कोण विचारतं? लोक खुलासाच वाचतात."

"पण कारण सांगायची मुभा नाहीये हो मला."

"मग सूचक लिहा!" समोरच्या दारातून आवाज आला. तिथल्या शिक्षिका भाषा शिकवत, आणि हे संभाषण आपल्याशिवाय चालावं हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. "नाव न घेता वर्णन करायचं. जाणत्याला बरोबर कळतं. आमच्या पेपरात हा प्रश्न पाच गुणांना असतो."

मसुदेसाहेबांना हे पटलं. बुडत्या माणसाला जे हाताला लागेल ते पटतंच. शिवाय त्यांच्या मनात एक राग धुमसत होता: माझा मूळ मसुदा चांगला होता, तिघांनी मिळून त्याचं मातेरं केलं. या वेळी कुणालाही दाखवायचं नाही. गुरुवारी सकाळी ऑफिसात पोहोचताच त्यांनी दार लावून घेतलं, ढेकूण डोळ्यांसमोर आणला, त्याचे गुणधर्म एकेक करून आठवले आणि लिहिलं:

'कालच्या सूचनेबाबत गैरसमज नसावा. तिसऱ्या मजल्यावर वर्षानुवर्षे खुर्च्यांना चिकटून बसलेले व इतरांच्या रक्तावर पोसलेले काही घटक कंपनीच्या निदर्शनास आले आहेत. दिवसा ते निपचित असतात, त्यामुळे सहसा ध्यानात येत नाहीत. त्यांचा कायमचा बंदोबस्त करण्यासाठी बाहेरून तज्ज्ञ बोलावले आहेत. प्रामाणिक कर्मचाऱ्यांनी घाबरू नये.'

ढेकूण हा शब्द कुठेही न वापरता ढेकूण जसाच्या तसा उभा राहिला होता. शेंबड्या पोरानेही ओळखावं! त्यांनी बटण दाबलं आणि समाधानाने हात चोळले.

तिसऱ्या मजल्यावर मात्र ढेकूण कुणाच्याही डोक्यात आला नाही. प्रत्येकाच्या डोक्यात शेजारचा आला. डिझाइनवाल्यांना वाटलं, हे हिशेबवाल्यांबद्दल आहे. हिशेबवाल्यांना वाटलं, दिवसा निपचित असणारे म्हणजे डिझाइनवालेच, दुसरं कोण? मोठ्या बाई मालकांच्या वडिलांच्या काळापासून त्याच एका खुर्चीत बसत आल्या होत्या. त्यांनी ती सूचना एकदा वाचली, चष्मा पुसून परत वाचली आणि म्हणाल्या, "हे माझ्याबद्दलच आहे. मीच ती चिकटलेली." त्यावर कुणीतरी "नाही हो मोठ्या बाई" असं म्हणेल अशी त्यांची अपेक्षा असावी. कुणीच म्हणालं नाही, आणि तिथून जी भांडणं जुंपली ती विचारू नका.

मग एक विलक्षण गोष्ट झाली. त्या मजल्यावर खुर्चीत बसायला कुणी तयार होईना. जो बसलेला दिसेल तो चिकटलेला ठरेल, या भीतीने सगळे उभ्याने कामं करू लागले. हिशेब उभ्याने, फोन उभ्याने, डबेसुद्धा उभ्याने. दुसरीकडे खालच्या मजल्यांवर आनंदीआनंद होता. 'अखेर कुणीतरी खरे बोलले,' असं गोदामवाल्यांनी ग्रुपवर लिहिलं आणि पुढे कूलरची आठवण करून दिली.

त्याच ग्रुपवर, सगळ्या कंपनीच्या डोळ्यांदेखत, मसुदेसाहेबांच्या मेहुण्याचा मेसेज आला:

'मी लोकांच्या तक्रारी ऐकतो. कुणाचं रक्त पीत नाही. हा माझा राजीनामा.'

मसुदेसाहेब ते वाचून सुन्न झाले. पहिला विचार आला की घरी कसं जायचं. दुसरा विचार आला तो त्यांना स्वतःलाच नको होता, पण आला: यातला एक शब्द काढता येणार नाही.

तेवढ्यात मालकांचा फोन. आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी स्पष्ट ऐकू यावा. "काय लिहिलंय हे? कुणाला विचारून लिहिलंत? वकीलबाई पाणी पीत बसल्यात! आणि खाली ते हॉटेलवाले येऊन उभे आहेत, सगळ्या खोल्यांच्या गाद्या बदलायच्या म्हणतायत, आणि जिन्यातून माझीच माणसं खोकी घेऊन उतरतायत! शोरूममध्ये या. ताबडतोब!"

शोरूम तळमजल्यावर होती. मसुदेसाहेब पोहोचले तेव्हा तिसरा मजला अख्खा तिथे लोटला होता. कुणाच्या हातात खोकं, कुणाच्या काखेत रोपटं, मोठ्या बाईंच्या हातात त्यांची उशी. एका कोपऱ्यात हॉटेलचे मालक, चांगले भरदार गृहस्थ, एका गादीचा कोपरा हाताने दाबत हे सगळं निरखत होते. विक्रीप्रमुख त्यांच्यासमोर असे हात पसरून उभे होते, जणू गर्दी आपल्या पाठीमागे मावेल.

मालक मसुदेसाहेबांच्या कानाशी आले. "बोला. शांत करा यांना. पण तो शब्द आला, तर पुढचा राजीनामा तुमचा."

उंच उभं राहण्यासारखी जागा म्हणजे मधल्या पलंगावरची गादी. मसुदेसाहेब बूट काढून तिच्यावर चढले. ती कंपनीची सगळ्यात मऊ, सगळ्यात महाग गादी होती. ते पोटऱ्यांपर्यंत आत गेले. डावीकडे कलले, उजवीकडे कलले, आणि कसेबसे सावरून म्हणाले, "मित्रहो! ज्या घटकांचा उल्लेख मी केला, ते घटक, म्हणजे ते ज्या प्रकारचे घटक आहेत..."

"नाव घ्या!" मोठ्या बाई गरजल्या.

"नावाचं तसं बंधन आहे. पण त्यांच्या स्वभावावरून..."

"स्वभाव ऐकला सकाळी! रक्त पितात म्हणे. हिंमत असेल तर नाव घ्या. चाळीस माणसांच्या तोंडाला काळं फासण्यापेक्षा एकाचं नाव घ्या!"

"नाव घ्या! नाव घ्या!" सगळी शोरूम ओरडू लागली.

मसुदेसाहेबांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी मान हलवली, नाही. वकीलबाईंकडे पाहिलं. त्यांनी दोन बोटं हलवली, नाही. मग त्यांची नजर मागे दाराशी गेली. तिथे मेहुणा एकटाच उभा होता. खोक्यातून त्याच्या चहाच्या कपाचा कान बाहेर डोकावत होता. तो ओरडत नव्हता. तो नुसता आपल्या भावोजींकडे बघत होता, आणि ते बघणं मसुदेसाहेबांना सगळ्या आरड्याओरड्यापेक्षा जड गेलं. सह्या, मुभा, दिलेला शब्द, सगळं त्या गादीत कुठेतरी खोल बुडालं.

"ढेकूण!" ते ओरडले.

शोरूम एकदम चिडीचूप झाली. मोठ्या बाईंचा चेहरा लाल होत गेला. "ढेकूण कुणाला म्हणता हो तुम्ही?"

"ढेकणांना! ढेकणांनाच ढेकूण म्हणतोय! खरेखुरे. सहा पायांचे. तुमच्या खुर्च्यांत झालेत. मालकांच्या बाहीवर एक सापडला. उद्या फवारणी आहे. कुणालाही काढलेलं नाही. सोमवारी सगळ्यांनी या!"

मागच्या बाजूला कुणीतरी मान खाजवली. मग त्याच्या शेजारच्याने. मग बघता बघता सगळ्या गर्दीत नखं चालू लागली, आणि त्या खरखरीतून आधी एक हसू फुटलं, मग दुसरं, आणि मग एकच गदारोळ झाला. सकाळी एकमेकांचं तोंड न बघणारे हिशेबवाले आणि डिझाइनवाले एकमेकांच्या गळ्यात पडले आणि कपड्यांत ढेकूण असतील हे आठवून लगेच बाजूलाही झाले. "म्हणजे ते एसीचं नव्हतंच!" असं म्हणत मोठ्या बाई डोळे पुसत जवळच्या गादीवर मटकन बसल्या, आणि बसल्या तशाच ताडकन उठल्या.

मालक मात्र भिंतीला टेकले होते. हॉटेलचे मालक त्यांच्याकडे चालत आले. विक्रीप्रमुखांनी डोळे मिटून घेतले.

"जरा इकडे येता?" हॉटेलवाल्यांनी मालकांना खांबाआड नेलं आणि आवाज खाली आणला. गादीतून पाय उपसत असलेल्या मसुदेसाहेबांना तो तरीही ऐकू आला. "हा फवारणीवाला खात्रीचा आहे का? नंबर द्या ना त्याचा. आमच्याकडे दोन मजल्यांवर 'नूतनीकरणासाठी बंद' अशी पाटी लावून ठेवलीय. गाद्या बदलायला आलो ते काय हौस म्हणून आलो?"

गाद्यांचा सौदा त्याच खांबाआड झाला. बाहेर आल्यावर मालकांनी घसा साफ केला आणि आपल्या कंपनीत पहिल्यापासूनच कुठलीही गोष्ट लपवायची पद्धत नाही, असं छोटंसं भाषण केलं. विक्रीप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या. वकीलबाईंनी फक्त एवढंच सुचवलं की इतिवृत्तात तो शब्द येऊ नये. मसुदेसाहेबांचा एक बूट गर्दीत कुठेतरी गेला होता, तो शोधायला कुणीही मदत केली नाही.

संध्याकाळी घरी दिवाणखान्यात पुन्हा तीच मंडळी होती. सासरे फेरफटक्याहून परत आले होते आणि सगळ्या बाकांवर हकीकत पोहोचली असल्याचं त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. या वेळी ट्रेमध्ये चार कप होते. बायकोने कप हातात देताना मसुदेसाहेबांकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "कालच सांगितलं असतंत तर?"

"मुभा नव्हती."

"आज होती?"

"आजही नव्हती," मसुदेसाहेब म्हणाले. ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

प्रश्न उरला होता तो राजीनाम्याचा. मुलीच्या वडिलांपर्यंत काही पोहोचायच्या आत तो परत घ्यायला हवा होता.

"त्याचं एक पद्धतशीर पत्र करावं लागेल," मसुदेसाहेब पुढे सरसावून म्हणाले. "मी लिहून देतो. आधी खेद, मग कारणमीमांसा, मग..."

"नको भावोजी," मेहुणा घाईघाईने म्हणाला. "तुम्ही बसा. चहा घ्या. मीच लिहितो."

मसुदेसाहेबांना हे लागलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातातून मसुदा कुणी काढून घेतला नव्हता, तो घरच्या माणसाने घ्यावा! मेहुण्याने अंगठ्यांनी दोन ओळी टाइप केल्या आणि, शेवटी वडीलधारे म्हणून, मोबाइल त्यांच्यापुढे धरला. 'राजीनामा परत घेतो. सोमवारी येतो. खुर्ची नवी द्या.'

मसुदेसाहेबांनी वाचलं. परत वाचलं. "शेवटच्या वाक्यात एक 'कृपया' घालावं असं माझं नम्र मत आहे," ते म्हणाले.

मेहुण्याने ताईकडे पाहिलं. ताईने नवऱ्याकडे पाहिलं.

"पाठव," ती भावाला म्हणाली.

त्याने पाठवलं. चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत मालकांचं उत्तर आलं. मेहुण्याने हसून मोबाइल टीपॉयवर ठेवला आणि सगळे वाकून बघू लागले. उत्तरात लिहिलं होतं, 'ये.'

सासऱ्यांनी निःश्वास सोडला. बायको डोळे टिपत आत गेली. मसुदेसाहेब मात्र त्या एका अक्षराकडे बराच वेळ बघत राहिले. त्यात वकीलबाईंनाही काही घालता आलं नसतं, आणि विक्रीप्रमुखांना काढता तर मुळीच आलं नसतं.